तिरके स्टिअरिंग

महोदय,

पुण्यात जुन्या स्पोर्ट्‌स कारचे स्टिअरिंग तिरके दिसले, की अनेक गॅरेजांत ते काढून एक-दोन दाते फिरवून बसवतात. हे चूकच. रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर आडवा सरकून चाके वळवणारा दांडा) मध्यावर नसेल तर गाडी एका बाजूला कमी वळते, वळणानंतर इंडिकेटरही वेळेवर आपोआप सुटत नाही. आधी टोकापासून टोकापर्यंतचे फेरे मोजून निम्म्यावर थांबावे, स्टिअरिंग तिथे सरळ बसवावे, मग टाय रॉड (रॅक चाकांना जोडणारे दांडे) जुळवून अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा नीट, करावे.

सीट स्टिअरिंगसमोर सरळ आहे का, हे पाहायला सीटच्या पाठीच्या मध्यापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत सुतळी ताणावी. एका बाजूचा फोम दबलेला किंवा सीटच्या रुळाखालचा वॉशर गायब असला, तरी बसणारा कलतो. काही गाड्यांत थोडा तिरकेपणा मुळातलाच असतो. तो घालवायला कॉलम (स्टिअरिंगपासून रॅककडे जाणारा दांडा) ओढून बांधू नये; त्याचा सांधा अडकून स्टिअरिंग वळणानंतर आपोआप परतत नाही, आणि हे धोक्याचे आहे.

– एक वाचक, पुणे