ती. काकांस, अर्ध्या आवाजात

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या दारापासून माझ्या दारापर्यंत अकरा पायऱ्या आहेत, तरी पत्र लिहितेय. माझा आवाज हाताभर लांब जातो आणि गेल्या दिवाळीपासून तुमचे कान जास्तच मिटलेत. समोरासमोर बसून बोललं तरी निम्मं वाटेत सांडतं. हे सांडून चालणार नाही. शिवाय चार लोकांनी वाचावं अशीही इच्छा आहे, कारण ज्या स्कॉटिश गायकाच्या, आयव्हर कटलर यांच्या, आधारानं तुम्ही मला पुन्हा गातं केलंत, त्यांचं नाव सांगलीत मी तुमच्याशिवाय कुणाच्याच तोंडून ऐकलेलं नाही.

2018 च्या पावसाळ्यात माझं थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण डावा स्वरतंतू हलायचा थांबला. तिथल्या नसेला धक्का बसू शकतो हे आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळं कुणावर रागावता येईना. काळी चारमधून वरच्या षड्जावर बिनदिक्कत जाणारी मी, मला स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारता येईना. दोन शब्द बोलले की निम्मी हवाच बाहेर पडायची. शाळेत संगीताच्या तासाला मी मोबाइलवर गाणी लावून खुर्चीत बसायला लागले. पोरं सुरुवातीला ऐकायची, मग आपापसात बोलायची. घरी येणारे म्हणायचे, जीव वाचला ना, मग झालं. बरोबरच होतं ते. पण त्यानंतर मी कुणाशी फारसं बोलले नाही.

तुम्ही वर आलात ते कॅसेट प्लेयर घेऊन. बसलात, चहा घेतलात, समजुतीचा एक शब्द काढला नाहीत. 'हे ऐक, आणि हसू आलं तर हस' एवढंच म्हणालात आणि बटण दाबलंत.

आधी पायपेटी वाजली. एकच सूर, भाता जरा धापा टाकतोय, पायाखालचं लाकूड करकरतंय. मग एक म्हातारा माणूस बोलल्यासारखं गायला लागला, की गाल्यासारखं बोलायला लागला, मला ठरवता येईना. तान नाही, फेक नाही, आवाज चढवणं नाही. ग्लासगोकडचं इंग्रजी मला निम्मंही कळलं नाही. मिनिटभरात गाणं संपलं, म्हणजे थांबलंच. पुढचं सुरू झालं. तिसऱ्या की चौथ्या गाण्याला मला हसू आलं, आणि लक्षात आलं की हसताना माझ्या घशातून आवाज निघाला.

त्या दिवशी तुम्ही मला आयव्हर कटलर यांची ओळख करून दिलीत. तुम्ही त्यांना 'कटलर मास्तर' म्हणता, मीही तेच म्हणते. मास्तर ते खरेच होते, पण आपल्याकडं नाटक कंपनीत पेटीवर बसणाऱ्यालाही मास्तरच म्हणतात आणि तुमच्या मनात तो अर्थ जास्त होता. तुमचे वडील नाटक मंडळीत पायपेटी वाजवायचे. 1940 ते 1971 अशी एकतीस वर्षं आकाशवाणीनं पेटीला दार बंद ठेवलं, त्यामुळं रेडिओवर वाजवायचं त्यांचं राहूनच गेलं. तुम्ही लंडनला टपालाच्या कामावर रात्रपाळी करत होतात. 1974 च्या हिवाळ्यात एका रात्री बीबीसी रेडिओवर जॉन पील या निवेदकाच्या संगीताच्या कार्यक्रमात पायपेटी वाजली आणि तुमच्या हातातली पत्रं खाली पडली. हे सांगताना तुम्ही दोन्ही हात उघडून दाखवलेत, ते अजून डोळ्यासमोर आहे. वडील जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. पाळी संपल्यावर तुम्ही पहाटे चालत घरी गेलात, बस पकडली नाहीत.

त्यानंतर पील यांच्या कार्यक्रमात कटलर मास्तर येणार असले की तुम्ही कॅसेट लावून ठेवायचात. 1969 पासून पुढं त्यांनी पील यांच्यासाठी वीसहून जास्त वेळा ध्वनिमुद्रण केलं. त्यातलं जेवढं तुम्हाला पकडता आलं तेवढं तुमच्या लोखंडी पेटीत होतं. ते सगळं तुम्ही मला एका वेळी दिलं नाहीत, दर शनिवारी एक कॅसेट. आणि प्रत्येक कॅसेटबरोबर मास्तरांच्या आयुष्यातला एक तुकडा.

जन्म 1923 चा, ग्लासगोच्या गोव्हन भागातला, ज्यू कुटुंबातला. महायुद्धात विमानाचा मार्ग काढणारा नॅव्हिगेटर म्हणून शिकायला घेतलं, पण हा मुलगा ढगांकडं बघत स्वप्नात जातो म्हणून विमानातून उतरवलं. पुढं शिक्षक झाले. तेव्हा स्कॉटलंडच्या शाळांत पोरांच्या हातावर चामड्याचा पट्टा मारायची रीत होती. मास्तरांना ती सहन होईना. नोकरी सोडली त्या दिवशी त्यांनी टेबलाच्या खणातून आपला पट्टा काढला, कापून त्याचे तुकडे केले आणि वर्गातल्या पोरांना वाटून टाकले. हे सांगून झाल्यावर तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मीही वीस वर्षं शाळेत काढलीत. त्या वर्गात तुकडा हातात घेऊन उभ्या असलेल्या पोराला कसं वाटलं असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

मग ए. एस. नील यांची समरहिल शाळा, जिथं तासाला बसायची सक्तीच नव्हती, आणि त्यानंतर लंडनच्या प्राथमिक शाळा. तिथं ते लहान मुलांना संगीत, नाट्य, कविता शिकवायचे, आणि हे त्यांनी 1980 पर्यंत सोडलं नाही. म्हणजे रेकॉर्डी निघत होत्या, रेडिओवर नाव होत होतं, आणि सकाळी हा माणूस सायकलवरून शाळेत जात होता. मला हे फार मोठं वाटतं. बीटल्सनी 1967 च्या आपल्या टीव्हीवरच्या चित्रपटात त्यांना बसमधल्या एका पात्राचं काम दिलं, त्याच वर्षी बीटल्सचे रेकॉर्ड-निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यांची रेकॉर्ड काढली, आणि मास्तरांची ओळख बहुतेक ठिकाणी एवढ्यावरूनच करून देतात. तुम्ही मात्र ते एका वाक्यात उरकलंत. तुमचं बरोबर होतं.

रंगमंचावर ते उतरले चौतिसाव्या वर्षी, 1957 मध्ये, लंडनच्या एका क्लबात, आणि सपशेल पडले. हा तुकडा तुम्ही मुद्दाम उशिरा सांगितलात, मी एकदा 'आता या वयात' असं म्हटल्यावर. दोन वर्षांनी बीबीसीनं त्यांना बोलावलं आणि रेडिओवरच्या त्यांच्या विक्षिप्त गोष्टी लोक ऐकायला लागले. पुढं बीबीसीच्या चारही वाहिन्यांवर त्यांचं काम लागलं: पोरांच्या पॉप वाहिनीवरही आणि शास्त्रीय संगीताच्या वाहिनीवरही. असा कलावंत बहुधा दुसरा नसेल. 1978 साली त्यांनी लहानपणाच्या गोष्टींची एक रेकॉर्ड काढली आणि तिच्या नावातच 'खंड दुसरा' घातला. गारठलेलं घर, जेवणाला खारा मासा, कडक आईवडील, सगळं अतिशय गंभीर आवाजात. ती ऐकताना आपण दोघं इतके हसलो की खालून काकू बघायला आल्या. पण दुसऱ्यांदा ऐकली तेव्हा मला त्यातली थंडी जाणवली. हसवता हसवता गारवा लागावा, हे मास्तरांचं खास होतं.

आणि काका, सगळ्यांत शेवटी तुम्ही सांगितलंत ते. मास्तरांना गोंगाट सोसत नसे. गोंगाटाविरुद्ध काम करणाऱ्या तिकडच्या संस्थेचे ते सभासद होते. कार्यक्रमात शिट्टी वाजवलेली चालायची नाही, आणि श्रोत्यांना ते सांगायचे की टाळ्या वाजवा, पण अर्ध्या आवाजात. तुम्ही एकदा त्यांना प्रत्यक्ष ऐकायला गेला होतात. भरलेलं सभागृह हळू टाळ्या वाजवतंय तो आवाज कसा होता, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, कौलांवर पहिला पाऊस पडतो तसा.

तोवर माझी सगळी खटपट आवाज मोठा करण्याची चालली होती. व्यायाम, गरम पाणी, गुळण्या. शाळेनं माइक देऊ केला होता, पण माइकमधून माझा श्वासच जास्त ऐकू यायचा. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की आवाज मोठा होणार नसेल तर पोरांना जवळ बोलवावं.

सोमवारी मी चौथीच्या वर्गात बाकं भिंतीला लावली. शाळेच्या अडगळीतली हातपेटी जमिनीवर घेतली, छत्तीस पोरं गोल बसवली, आणि जेवढा होता तेवढ्या आवाजात एक पट्टी धरून म्हणून दाखवलं. काय म्हटलं ते मलाही आठवत नाही. खिडकीतल्या कावळ्याबद्दल काहीतरी होतं. पोरं पुढं सरकली. मागची पोरं पुढच्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून ऐकायला लागली. मग एकानं कावळ्याची पुढची ओळ जोडली, एकीनं त्याचा डबा आणला, आणि घंटा होईपर्यंत कावळ्याचं अख्खं गाणं तयार झालं. शेवटी मी त्यांना अर्ध्या आवाजात टाळ्या शिकवल्या. दोन बोटं तळहातावर. आता हा आमचा नियम आहे. दुसऱ्या वर्गांतली पोरं दाराशी येऊन बघत उभी राहतात.

हे तुम्हाला मी तेव्हाच धावत येऊन सांगितलं होतं, आठवतं? तुम्ही आत गेलात आणि वडिलांच्या पायपेटीवरचं पांघरूण काढलंत. 'ही शाळेला नाही, तुला,' म्हणालात. मी नको नको म्हटलं. पन्नास वर्षं तिला कुणाचा हात लागू न देणारे तुम्ही, माझ्या बोटांना पट्ट्या दाखवायला लागलात. डाव्या पायाचा भाता ढिला आहे, उजव्यावर जोर दे, हा सूर पावसाळ्यात अडकतो, त्याला जरा थांबून ये. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी खाली येते आणि गाते. माझी आणि पोरांची मिळून एकशे बारा गाणी झालीत. बरीचशी मिनिटभराचीच.

मास्तर 2004 मध्ये मंचावरून उतरले, तेव्हा ऐंशी ओलांडली होती. 3 मार्च 2006 ला गेले. तुम्ही त्यांना कधी पत्र लिहिलं नाहीत, याची खंत तुम्ही दोनदा बोलून दाखवलीत. वडिलांची पेटी ऐकू आली एवढंच कळवायचं होतं, म्हणालात. ते पत्र राहिलं, म्हणून हे मी राहू देत नाही.

काका, माझ्या घरी सगळे माझा आवाज परत यावा म्हणून थांबले होते. असलेल्या आवाजात गायला सांगणारे तुम्ही एकटे. मनापासून आभार.

आता एक कामाचं. डाव्या भात्याला घडीवर चीर गेलीय, मागच्या रविवारी फुसफुसत होता. मिरजेहून कोकराचं मऊ चामडं आणलंय, वीतभर तुकडा, आणि सरसही. शनिवारी दुपारी येते. चामडं तुम्ही कापा, तुमचा हात अजून सरळ चालतो, मी चिकटवते. रात्रभर वजन ठेवून वाळू देऊ. रविवारी तुम्ही खुर्ची पेटीला लावून बसा आणि तळहात फळीवर टेकवा. मागं एकदा तसा ठेवला होतात तेव्हा कानापेक्षा चांगलं ऐकू आलं, म्हणाला होतात.

काकूंना नमस्कार.

तुमची,
वरच्या मजल्यावरची