ऑटोमॅटिक गाडीला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवण्याची कायदेशीर वाट द्या : केंद्रीय परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
परिवहन भवन, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार.

2014 साली मारुतीने सेलेरिओ एएमटीत, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत, आणली आणि क्लच न दाबता चालणारी गाडी साध्या नोकरदाराच्या आवाक्यात आली. पाठोपाठ टाटा, महिंद्र, रेनो, ह्युंदाई यांच्याही एएमटी गाड्या आल्या. त्यातल्या पहिल्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी 2029 मध्ये संपते. तोवर इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत, पण गिअर बदलणारा अ‍ॅक्चुएटर गेलेला, अशा गाड्या दारोदार उभ्या दिसतील. नव्या अ‍ॅक्चुएटरचा खर्च त्या वयाच्या गाडीवर कोणी करत नाही. जुन्या सीव्हीटी आणि चार गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टर, या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गाड्यांचे मालक याच पेचात आजच आहेत.

उपाय साधा आहे: त्याच मॉडेलचा, कंपनीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स. अंगणात आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ही कामे होतातही, पण गुपचूप. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. कलम 182-अ खाली शिक्षा आहे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रमाणपत्रात गिअरबॉक्सचा वेगळा रकाना नसला तरी मॉडेलच्या नावात एएमटी असते आणि रिकाम्या गाडीचे वजनही बदलते. मग मालक आरटीओला दाखवत नाही, विमा कंपनीला कळवत नाही, आणि काम नीट झाले की नाही हे कोणीच पाहत नाही. आमची खरी चिंता ही आहे.

कारण हे काम चुकले तर नेमके कुठे चुकते ते आम्हाला ठाऊक आहे. सर्वांत धोकादायक चूक सेल्फच्या, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरच्या, वायरीत होते. ऑटोमॅटिक गाडीचा सेल्फ लिव्हर पी (पार्किंग) किंवा एनमध्ये (न्यूट्रल) असेल तरच फिरतो. गिअरबॉक्स उतरवला की लिव्हरची जागा ओळखणारा स्विचही जातो आणि सेल्फ फिरेनासा होतो. मग त्या दोन वायरी जोडून ‘डायरेक्ट’ केल्या जातात. गाडी सुरू होते, पण आता ती पहिल्या गिअरमध्येही सुरू होते आणि किल्ली फिरवताच पुढे उडी घेते. पुढे कंपाउंडची भिंत असेल किंवा खेळणारे मूल. योग्य काम म्हणजे ती जोडणी क्लच पेडलच्या स्विचमधून नेणे, म्हणजे पेडल पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ फिरणार नाही. रिव्हर्स दिव्याच्या वायरीही अशाच नव्या गिअरबॉक्सवरच्या स्विचला न्याव्या लागतात. त्या तशाच सोडल्या तर गाडी मागे येताना दिवा लागत नाही.

दुसरी जागा क्लचची. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग, फ्लेक्स प्लेट नावाच्या चकतीवर बसतो, ती पातळ असते. तिच्या जागी जाड फ्लायव्हील येते, म्हणून बोल्टही त्याच गाडीच्या मॅन्युअल मॉडेलचे, नवेच हवेत. जुने आखूड बोल्ट दोनचार आट्यांवर पकडतात आणि कधीतरी तुटतात. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) नेमकी जागा पकडणाऱ्या दोन्ही डॉवेल पिना जागेवर नसतील तर शाफ्ट केसभर तिरका बसतो, क्लच थरथरतो आणि इनपुट बेअरिंग वाजू लागते. एवढे उघडलेच आहे तर क्रँकचे मागचे ऑइल सील बदलून घ्यावे, नाहीतर महिन्याभरात नवी क्लच प्लेट तेलाने भिजलेली सापडते.

पेडल, त्याचा ब्रॅकेट, क्लच केबल किंवा हायड्रॉलिक सिलिंडर, गिअर लिव्हर आणि त्याच्या केबल्स, ड्राइव्ह शाफ्ट, गिअरबॉक्सचे फाउंडेशन (त्याला धरणारे माउंट), हे सगळे एकाच दाता गाडीतून, म्हणजे भाग काढायच्या जुन्या मॅन्युअल गाडीतून, घ्यावे. ऑटोमॅटिकचे ड्राइव्ह शाफ्ट पुष्कळदा लांबीला वेगळे असतात. आखूड शाफ्ट गिअरबॉक्समधून निसटू शकतो. पेडल ब्रॅकेट सगळ्या बोल्टांवर बसला नाही तर दर दाबाला फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या आडभिंतीचा, पत्रा हलतो आणि शेवटी चिरतो. रेडिएटरमधून जाणाऱ्या एटीएफच्या (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाच्या) नळ्यांची तोंडेही नीट बंद करावी लागतात.

एएमटीत काम कमी आहे, कारण आतला गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच आहे. वर अ‍ॅक्चुएटर बसवलेला असतो. मारुतीच्या युनिटमध्ये तेल मोठ्या दाबाखाली असते, स्कॅनरने दाब उतरवल्याशिवाय त्याचा पाइप सैल करणे म्हणजे डोळे गमावणे. पण इथे खरी कसोटी इलेक्ट्रॉनिक्सची आहे. इंजिनचा ईसीएम, म्हणजे त्याचा कंप्युटर, गिअरच्या कंट्रोलरशी सतत बोलत असतो. कंट्रोलर काढला आणि ईसीएम तोच ठेवला, तर चेक इंजिनचा दिवा कायमचा पेटतो. त्या दिव्याआड उद्या ऑक्सिजन सेन्सर किंवा मिसफायरचा खरा दोष लपतो आणि गाडी धूर ओकत फिरते. म्हणून मॅन्युअल मॉडेलचा ईसीएम घालून इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) किल्ली जुळवून घेणे हा या कामाचा भाग आहे, चैन नव्हे.

गाडी उचलताना नुसता जॅक पुरत नाही, गाडी टेकवायला चारही घोड्या (स्टँड) हव्यात आणि गिअरबॉक्सखाली वेगळा जॅक. जड युनिट हातावर झेलायला कोणी जाऊ नये.

आता मागणी. कलम 52 च्या परंतुकातच केंद्र सरकारला विशिष्ट हेतूसाठी वेगळ्या बदलाला सूट देण्याचा अधिकार आहे. सीएनजी किटला आपण वाट दिली आहे. अपंग व्यक्तींसाठी गाडी बदलून घेऊन नंतर मंजुरी घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. त्याच धर्तीवर एक अधिसूचना काढावी. अट एवढीच असावी की कंपनी, मॉडेल, इंजिन आणि उत्सर्जन मानक तेच राहील आणि त्या इंजिनाचे मॅन्युअल मॉडेल आधीच मंजूर झालेले असेल. अशा जोडीची रस्त्यावरची लायकी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थांनी एकदा तपासलेलीच असते, ती प्रत्येक मालकाने पुन्हा सिद्ध करण्याची गरज नाही.

दाता गाडीचे भाग नोंदणीकृत भंगार केंद्रातून, चासी नंबर लिहिलेल्या बिलावर मिळावेत. आज ते कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळतात आणि कोणत्या गाडीचे आहेत हे कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे चोरीच्या गाड्या फोडण्याच्या धंद्यालाही गिऱ्हाईक मिळते. काम घरी होवो की गॅरेजात, 14 दिवसांत आरटीओत कळवण्याची मुदत कायद्यात बदलांसाठी आहेच, तीच इथे लावावी. निरीक्षकाने पाहावे: क्लच न दाबता सेल्फ फिरतो का, रिव्हर्स दिवा लागतो का, स्पीडोमीटर बरोबर दाखवतो का, स्कॅनरवर दोष उरला आहे का, पेडल ब्रॅकेट आणि फाउंडेशन कंपनीचे आहे का, पीयूसी पास होते का. अर्ध्या तासाचे काम आहे. मग प्रमाणपत्रात मॉडेलचे नाव आणि वजन बदलून मिळावे, म्हणजे विमा कंपनीलाही दावा नाकारायला कारण उरणार नाही.

या तपासणी यादीचा मसुदा एआरएआय आणि सीआयआरटी (केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था) यांनी करावा, आणि तो 2029 च्या आत, शक्य तर याच वर्षी, हरकतींसाठी प्रसिद्ध व्हावा ही विनंती.

कळावे,
आपले,
जुन्या गाड्यांची दुरुस्ती करणारे मेकॅनिक आणि गाडीमालक