अण्णा लढाईच्या काळात कुठे होते

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

यंदा मेच्या सुट्टीत मी वाईला न येता पुण्यातच राहणार आहे. रजा मंजूर झाली आहे आणि आत्याकडे उतरण्याचेही ठरले आहे, त्यामुळे आता विचारते आहे असे म्हणणे खोटे ठरेल; पण कारण ऐकल्यावर तुम्ही रागावणार नाही अशी मला खात्री वाटते. अण्णा आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेमके कुठे कामाला होते, याचा माग आता हाताशी आला आहे. माई आजींच्या तोंडून त्या काळच्या गोष्टी ऐकलेली आत्या एकटीच उरली आहे. तिची प्रकृती पाहता हे काम दिवाळीवर ढकलायला माझे मन तयार होत नाही.

बाबा, अण्णा सरकारी कचेरीत कारकून होते असे तुम्ही आम्हाला नेहमी सांगितलेत, आणि तुम्हालाही तसेच सांगितले गेले असणार. मला मात्र ते खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार होते असे वाटू लागले आहे. आत्या सांगते की, फाटकाशी त्यांची विडी-काडी काढून घेत आणि खिळे मारलेल्या वहाणा आत चालत नसत. कचेरीत असे नियम कशाला असतील? जिथे एका ठिणगीचे भय असते, तिथलेच हे नियम आहेत. शिवाय माई त्यांचा सदरा वेगळा भिजवीत आणि पहिले पाणी हळदीसारखे निघे. टीएनटी किंवा टेट्रिल ही स्फोटके हाताळणाऱ्यांची कातडी आणि केस पिवळे पडतात; पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या कारखान्यांतल्या बायकांना त्यावरूनच पिवळ्या कॅनरी पक्ष्याचे नाव पडले होते. टीएनटीने यकृतालाही अपाय होतो, म्हणून ज्या काविळीपायी अण्णा नोकरी सोडून घरी आले, ती काविळीची गोष्टही खरीच असेल. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे आणि उच्च स्फोटकांचा कारखाना १९४० मध्ये, म्हणजे लढाई सुरू झाल्यावर निघाला. त्या पिवळ्या पाण्यामुळे माझा कल स्फोटकांच्या कारखान्याकडे आहे. देहूरोडच्या लष्करी डेपोचाही विचार मी केला होता, पण तिथे मुख्यतः साठवणूक चाले.

काळाचा धागा माईंनीच ठेवला आहे. महाशिवरात्रीचा उपास करून अण्णा रात्रपाळीला गेले आणि सकाळी परतताना कस्तुरबा गेल्याचे त्यांच्या कानी आले, ही गोष्ट, आई, तूही मला झोपवताना सांगितली आहेस. कस्तुरबांचे निधन २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्याच संध्याकाळी, आगाखान पॅलेसमध्ये झाले. म्हणजे त्या दिवशी अण्णा नक्की पुण्यात होते. तुझ्या कुशीत ऐकलेली ती गोष्ट इतकी नेमकी असेल असे मला कधी वाटले नव्हते; तारीख पडताळली तेव्हा डोळे भरून आले.

बाबा, एक गोष्ट मनाला लावून घेऊ नका. अण्णांनी कमीपणा वाटून ही नोकरी लपवली असे मला मुळीच वाटत नाही. तेव्हा सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. अशा मुलखात इंग्रजांच्या लढाईसाठी स्फोटके करतो असे घरच्यांनी चारचौघांत कसे सांगावे? खाणारी तोंडे अनेक आणि धान्य महाग, अशा वेळी त्यांनी घर चालवले. माझ्या मनात त्यांची उंची वाढलीच आहे.

माझी काळजी करू नका. आत्याकडे गरम जेवण वेळेवर मिळते, माझी खोली हवेशीर आहे आणि उन्हाच्या वेळी मी बाहेर पडत नाही. जूनमध्ये बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच मी घरी येईन आणि डोळ्यांत थेंब घालण्याचे काम संपेपर्यंत तिथेच राहीन. तोवर आई, गुडघ्यांचा पट्टा बांधल्याशिवाय तू जिना उतरायचा नाहीस, आणि रक्तदाबाची गोळी चहाआधी घ्यायची, आठवण झाली की नव्हे. बाबा, अण्णांची ट्रंक काढायला तुम्ही स्वतः माळ्यावर चढायचे नाही. दादा रविवारी येईल तेव्हा तोच ती उतरवेल. आत पितळी बिल्ला किंवा पगाराची चिठ्ठी सापडली तर ती घासूपुसू नका, आहे तशी कागदात गुंडाळून ठेवा.

अण्णांच्या नोकरीची नोंद मागणारा अर्ज सोबत जोडला आहे. मुलगा म्हणून त्यावर तुमची सही हवी. मजकूर सावकाश वाचा, पटला तरच सही करा, आणि नको वाटले तर तसे मोकळेपणाने कळवा. मग मी तो पाठवणार नाही.

तुमची,
ताई