इंजिन बांधताना ऑइल जेट विसरू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरत आला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रक आणि पिकअपची इंजिने उतरायला लागतात. दसऱ्याची पूजा आणि पाठोपाठ उसाचा हंगाम, त्याआधी काम उरकायची सगळ्यांना घाई. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडचे काम असे सगळे बिलात ओळीने लिहिलेले असते. पिस्टनखालच्या ऑइल जेटचे नाव मात्र बहुतेक बिलांत नसते. मग बांधलेले इंजिन थोड्याच दिवसांत पुन्हा जाम झाले की दोष कधी ऑइलवर, कधी पिस्टनच्या कंपनीवर, आणि कोणी सापडलेच नाही तर ड्रायव्हरवर जातो. जेट कोणी उघडून बघितले का, हा प्रश्न मालकाने विचारायला हवा, म्हणून हे पत्र.

हल्लीच्या टर्बो डिझेल इंजिनांत सहसा प्रत्येक सिलिंडरच्या तळाशी ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला, एक छोटी वाकडी नळी बसवलेली असते, तोच ऑइल जेट. मेन गॅलरीतले, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेतले, ऑइल तिच्यातून पिस्टनच्या पोटावर पिचकारीसारखे उडते. पिस्टनचा माथा त्यामुळे गार राहतो आणि गजनपिनच्या (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनच्या) बुशलाही ऑइल मिळते. जुन्या बिनटर्बो ट्रॅक्टरच्या इंजिनांत ही व्यवस्था बहुधा नसते, त्या मालकांनी हे पत्र सोडून दिले तरी चालेल. नळीचे भोक जेमतेम १ ते २ मिलिमीटरचे. पुष्कळ जेटमध्ये आत स्प्रिंग आणि छर्रा असतो. ऑइलचे प्रेशर साधारण १.५ ते २ किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) वर गेले की छर्रा उठतो आणि पिचकारी सुरू होते. आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन मंद चालू असताना, प्रेशर कमी असते, तेव्हाचे ऑइल आधी बेअरिंगला मिळावे यासाठी ही योजना आहे.

त्यामुळे जेट दोन्हीकडून त्रास देतो. छर्रा बंद अवस्थेत अडकला किंवा भोक बुजले, तर तेवढा एकच पिस्टन तापतो. वरच्या रिंगेच्या खाचेत ऑइलचा कोळसा होतो, रिंग चिकटते, धूर येतो आणि लोड लागल्यावर पिस्टन लायनरला धरतो. छर्रा उघडा अडकला, तर गरम इंजिन आयडलला आले की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. मिस्त्री ऑइल पंप बदलतो, दिवा तसाच राहतो.

कोणता जेट बंद होता हे जुने पिस्टनच सांगतात. ते भंगारात टाकण्याआधी सिलिंडरच्या क्रमाने ओळीत उलटे मांडावेत. चालू जेटवरच्या पिस्टनचे पोट फिकट तपकिरी असते. जेट बंद असेल तिथे काळा, कडक, नखाने न निघणारा थर दिसतो. चारांत एकच पिस्टन असा काळा निघाला, तर संशय आधी त्याच्या जेटवर घ्यावा.

घाण येते कुठून? जुन्या ऑइलचा गाळ तर असतोच. फिल्टर चोंदला की त्याचा बायपास (फिल्टर टाळून जाणारी वाट) उघडतो आणि न गाळलेले ऑइल थेट गॅलरीत जाते. पण नव्याने बांधलेल्या इंजिनात जेट बुजतो तो बहुतेक वेळा दुरुस्तीतल्याच कचऱ्याने: हॉनिंगची (सिलिंडर आतून दगडाने घासण्याची) भुकटी, पुसायच्या वेस्टचे धागे, ब्लास्टिंगचे मणी, आणि चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला) सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे. आधी बेअरिंग गेले असेल तर त्याचा चुरा गॅलरीत आणि ऑइल कूलरमध्ये दडून बसलेला असतो. अशा वेळी कूलर बदलावा. नुसती हवा मारून तो साफ होत नाही.

ब्लॉक बोअरिंगला पाठवण्याआधी जेट काढलेच पाहिजेत. तसेच ठेवले तर हॉनिंगचे दगड त्यांवर आपटतात आणि नळी वाकते, शिवाय सगळी भुकटी आत जाते. ॲल्युमिनियमचे अंग असलेला जेट कॉस्टिकच्या टाकीत गेला तर खाऊन जातो. काही सहा सिलिंडरच्या इंजिनांत जेट मेन बेअरिंगच्या बैठकीतच ठोकलेले असतात. वरची बेअरिंग चकती उचलल्याशिवाय ते दिसतही नाहीत, म्हणून विसरले जातात. काढलेल्या प्रत्येक जेटला सिलिंडरचा नंबर लावून ठेवावा, कारण काही इंजिनांत सगळे जेट सारखे नसतात.

सफाईसाठी जेट कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवावा. अल्ट्रासॉनिक मशीन असेल तर उत्तम. भोकात घालायची तर तांब्याची बारीक तारच घालावी. पोलादी तार किंवा ड्रिल अजिबात नको. भोक थोडे जरी मोठे झाले किंवा त्याच्या काठावर ओरखडा आला, तरी धार सरळ न जाता पसरते. ज्या पिस्टनच्या पोटात ऑइलसाठी वेगळी पोकळी असते, तिथे धार त्या पोकळीच्या भोकातच शिरावी लागते. पसरलेली किंवा तिरकी धार तिथे वाया जाते. नळी वाकली असेल तर पक्कडीने सरळ करत बसू नये, बदलावी.

साफ झालेला जेट तपासायला रेग्युलेटर आणि प्रेशर गेज लावलेली हवेची लाइन पुरते. जेटच्या तोंडाशी रॉकेल किंवा पातळ ऑइल भरून प्रेशर हळूहळू वाढवावे. १ किलोला थेंब गळत असेल तर छर्रा नीट बसत नाही. मॅन्युअलमधल्या आकड्याच्या वर गेल्यावरही उघडत नसेल तर तो अडकला आहे. दोन्ही वेळा जेट बाद. छर्ऱ्याचा व्हॉल्व्ह खोलून दुरुस्त करायचा नसतो. बेअरिंग गेलेल्या इंजिनात तर आमच्या मते तपासण्याचाही खटाटोप करू नये, पूर्ण सेट नवा घालावा. इंजिन दुसऱ्यांदा उतरवायच्या मजुरीपुढे तो खर्च काहीच नाही.

जेट नवे आणि गॅलरी जुनीच घाण, असे करून मात्र उपयोग नाही. गॅलरीचे सगळे प्लग काढून लांब ब्रश आरपार फिरवावा, गरम पाणी आणि साबणाने धुऊन हवा मारावी आणि लगेच ऑइल लावावे.

बसवताना वॉशर नवे घालावेत, सिलिकॉन लावू नये. साध्या एम-६ बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. पोकळ बोल्टला मॅन्युअलचाच टॉर्क (आवळण्याचे माप) द्यावा, अंदाजाने आवळला की तो मानेत तुटतो. जागा धरणारी पिन तिच्या खाचेत बसली की नाही हे बोट लावून बघावे. मग क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा. पिस्टन खाली आल्यावर त्याची कड, कनेक्टिंग रॉड किंवा क्रँकचे वजन जेटला घासत नाही ना, हे प्रत्येक सिलिंडरला टॉर्च मारून बघायचे.

एक चाचणी आम्ही सगळ्या गॅरेजवाल्यांना सुचवू. चेंबर लावण्याआधी इंजिनाखाली ट्रे ठेवावा. ऑइल प्रेशर स्विचच्या भोकातून बाहेरच्या टाकीतले स्वच्छ ऑइल ३ किलोच्या आसपास गॅलरीत सोडावे. बेअरिंगमधून ऑइल गळेल, ते गळायचेच. पण प्रत्येक पिस्टनखाली सरळ, अखंड धार दिसली पाहिजे. एखादी धार आली नाही तर तिथेच थांबावे. मालकाला बोलावून हे दाखवावे, आणि मालकानेही तसा आग्रह धरावा. हल्ली मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, दहा सेकंदांचा व्हिडिओ बिलासोबत पाठवायला काहीच हरकत नाही.

आयटीआयमधल्या डिझेल मेकॅनिकच्या मुलांकडून ही चाचणी एकदा तरी हाताने करून घ्यावी, अशी तिथल्या निदेशकांना विनंती आहे. आणि गाडीमालकांनी बांधलेल्या इंजिनाचे पहिले ऑइल आणि फिल्टर ५०० ते १००० किलोमीटरलाच बदलावेत. काढलेला फिल्टर कापून, कागद पसरून उन्हात बघावा. त्यात धातूची चमक दिसली तर गाडी लोडला लावण्याआधी चेंबर उघडावे लागेल.

कळावे,
काही इंजिन मिस्त्री,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर