टायमरचा धडा एका प्रोसेसरपाशीच का संपतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव, धुळे, नंदुरबारची मुले ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ हा विषय चांगल्या गुणांनी पास होतात. पण त्यातला टायमरचा (ठरलेली मुदत भरली की काम करवणाऱ्या सोयीचा) धडा बहुधा एका प्रोसेसरपाशीच संपतो. घड्याळाचा इंटरप्ट (प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावणारा इशारा) आला, टिक (घड्याळाचा एक ठोका) मोजली, मुदत संपलेले टायमर चालवले, झाले. आज साध्या मोबाइलमध्येही आठ कोअर (एकाच चिपवरचे स्वतंत्र प्रोसेसर) असतात आणि तिथे प्रश्नच वेगळा आहे. टायमर लावला एका कोअरने. मुदत भरली तेव्हा तो झोपलेला असेल तर त्याला उठवायचे, की दुसऱ्या कोणी ते काम उरकायचे?

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, बरीच वर्षे हे अंदाजाने ठरवत होता. २००७ सालच्या २.६.२१ आवृत्तीपासून रिकाम्या कोअरची टिक थांबवता येऊ लागली. पुढे टायमर लावतानाच कोणता कोअर जागा आहे ते बघून त्याच्या रांगेत टाकण्याची पद्धत आली. तिच्यातली खोट अशी की बहुतेक टायमर वाजण्यासाठी नसतातच. नेटवर्कवर पाठवलेल्या पाकिटाची पोच आली नाही तर पुन्हा पाठवा, डिस्क गप्प राहिली तर चूक कळवा, अशी ती खबरदारी असते. उत्तर वेळेत येते आणि टायमर रद्द होतो. म्हणजे जे घडणारच नाही त्यासाठी दर वेळी परक्या रांगेचे लॉक (एका वेळी एकालाच हात लावू देणारे कुलूप) घ्यायचे. शिवाय आत्ता जागा दिसणारा कोअर मुदतीपर्यंत जागा राहील, याची हमी कोण देणार?

मे २०२४ मधल्या ६.९ आवृत्तीने ही रीत उलटवली. टायमर ज्याने लावला त्याच्याच रांगेत राहतो. कोअर झोपायला निघाला की आपली सर्वांत जवळची मुदत गटाच्या नोंदीत टाकून जातो. एका गटात जास्तीत जास्त आठ कोअर, आणि गटांचे पुन्हा वरचे गट. गटातला एक जागा कोअर सगळ्यांच्या मुदती सांभाळतो. रात्रीच्या लाइटला मळ्यात जो जागा असतो, तोच शेजाऱ्याचीही मोटर बंद करतो, तसेच हे. सगळेच झोपणार असतील तर शेवटच्याने सर्वांत आधीच्या मुदतीला स्वतःचा हार्डवेअर टायमर लावूनच झोपायचे. अवघड जागा हीच आहे: दोन कोअर एकाच क्षणी निघाले आणि दोघांनाही ‘तो आहे ना’ असे वाटले, तर टायमर वाऱ्यावर. म्हणून जागे कोण, राखण कोणाकडे आणि बदलाचा अनुक्रमांक, हे तिन्ही एकाच ३२ बिटांच्या आकड्यात ठेवून एका अ‍ॅटॉमिक क्रियेत, म्हणजे मध्ये कोणालाही शिरता येणार नाही अशा एका टप्प्यात, बदलतात. एखाद्या कोअरला मुद्दाम बांधलेले टायमर मात्र या व्यवस्थेबाहेर राहतात.

रांग म्हणजे खरे तर चक्र. २०१६ च्या ४.८ आवृत्तीपासून त्याच्या प्रत्येक पातळीत ६४ कप्पे असतात आणि पातळीगणिक अचूकता आठपट ढिली होते. सेकंदाला १००० टिक धरल्या तर पहिल्या पातळीत १ मिलिसेकंदाचा कप्पा, पुढे ८, ६४, ५१२. त्यामुळे ३० सेकंदांचा टायमर अर्धा सेकंद उशिरा वाजू शकतो, लवकर कधीच नाही. काटेकोर वेळ हवी असेल तर हाय रेझोल्यूशन टायमर वेगळे आहेत.

ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कर्नलमधला कोड) लिहिणाऱ्यांची फजिती होते ती टायमर काढताना. तो चक्रातून काढला तरी त्याचे फंक्शन (मुदत भरल्यावर चालणारा कोड) त्याच क्षणी दुसऱ्या कोअरवर चालू असू शकते. मेमरी मोकळी केली की कर्नल कोसळतो, तोही रोज नाही, कधीतरीच. म्हणून फंक्शन संपेपर्यंत थांबणारे ‘टायमर डिलीट सिंक’ वापरावे; पण फंक्शनला लागणारे लॉक हातात धरून ते बोलावले तर दोघे एकमेकांची वाट पाहत बसतात. काढलेला टायमर कोडच्या दुसऱ्या वाटेने पुन्हा लागण्याची शक्यता असेल तर ६.२ आवृत्तीत आलेले ‘टायमर शटडाउन सिंक’ घ्यावे.

हे सगळे खान्देशात कशाला, असे कोणी म्हणेल. ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारा कंट्रोलर आता छोट्या लिनक्स बोर्डावर सहज बनतो. रास्पबेरी पाय ४ वर बॅटरीचे घड्याळ नसते. लाइट जाऊन आली की बोर्ड जुन्याच वेळेवर उठतो आणि नेटवर्क मिळताच वेळ पुढे उडी मारते. ‘४० मिनिटांनी बंद’ हा हिशेब तारीख-वेळेच्या घड्याळावर केला असेल, तर व्हॉल्व्ह उघडल्या उघडल्या बंद! कालावधी नेहमी मोनोटॉनिक घड्याळावर (तारीख-वेळ बदलली तरी उडी न मारता पुढेच जाणाऱ्या) मोजावा. बोर्ड मध्येच सस्पेंड होत (पूर्ण झोपत) असेल तर तो काळही मोजणारे बूटटाइम घड्याळ घ्यावे, कारण मोनोटॉनिक त्या काळात थांबते. आणि दर फेरीला ‘१ सेकंद झोप’ म्हणण्याऐवजी पुढची नेमकी वेळ देऊन झोपवावे, नाहीतर फेरीच्या कामाचा वेळ साचत जातो.

यासाठी महाविद्यालयांनी एक प्रात्यक्षिक तरी ठेवावे. लिनक्स चालणाऱ्या इंटेलच्या कोणत्याही लॅपटॉपवर ‘प्रॉक’ या फोल्डरमधल्या ‘इंटरप्ट्स’ फाइलची एलओसी ही ओळ (प्रत्येक कोअरच्या टायमर इंटरप्टची मोजणी) १० सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचावी. यंत्र रिकामे असेल तर काही कोअरचे आकडे जेमतेम हलतील. मग बूट करताना ‘नोएचझेड इज इक्वल टू ऑफ’ (nohz=off) हा रिकाम्या कोअरचीही टिक चालू ठेवणारा पर्याय देऊन तेच करावे. सेकंदाला २५० टिकांचा कर्नल असेल तर रिकाम्या कोअरचाही आकडा सुमारे २५०० ने वाढलेला दिसेल.

आपला,
सिस्टीम प्रोग्रामिंग करणारा एक वाचक, भुसावळ