रस्ता गावाला पोहोचला, पाड्याला कधी?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांमधील बहुतेक गावे आता रस्त्याने जोडली गेली आहेत, असे सरकारी आकड्यांच्या आधारे वरचेवर छापून येते. ते आकडे खोटे आहेत असा माझा आरोप नाही. या दोन तालुक्यांत मी एकवीस वर्षे प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच वर्षे शाळेच्याच खोलीत मुक्काम करून काढली, आणि त्या अनुभवावरून मला एवढेच सांगायचे आहे की आकडे गावांचे आहेत आणि माणसे पाड्यांवर राहतात.

सपाटीवरच्या वाचकांसाठी हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. शहादा-तळोद्याकडे गाव म्हटले की एकमेकांना लागून असलेली घरे, मधोमध मारुतीचे देऊळ आणि पलीकडे शेते असे चित्र असते. सातपुड्याच्या आत शिरले की हे चित्र मोडते. भिल्ल आणि पावरा कुटुंबे आपापल्या शेताजवळ घर बांधतात, त्यामुळे एकाच महसुली गावात आठ-आठ, दहा-दहा पाडे असतात. एक या सोंडेवर, दुसरा नाल्यापलीकडे, तिसरा इतका वर की तिथून खालच्या पाड्यावर बाजार करून परत यायला अर्धा दिवस जावा. ग्रामपंचायतीचे कार्यालय ज्या पाड्यावर, तिथपर्यंत डांबरी रस्ता येतो, विजेचा खांब येतो, आणि कागदावर संपूर्ण गाव जोडले जाते. उरलेल्या पाड्यांचा हिशेब त्यानंतर कोणी विचारत नाही.

२०१६ च्या ऑगस्टमधली एक रात्र मी विसरू शकत नाही. माझ्या दोन विद्यार्थ्यांच्या आईला संध्याकाळी कळा सुरू झाल्या आणि मूल अडले आहे हे दाईच्या लवकरच लक्षात आले. बांबूला गोधडी बांधून झोळी केली, दोघांनी ती खांद्यावर घेतली, खांदे बदलायला आणखी चौघे बरोबर निघाले आणि मी बॅटरी घेऊन पुढे चाललो. सिग्नल मिळतो त्या टेकाडावर जाऊन एका मुलाने १०८ ला आधीच फोन लावला होता. आम्ही नाल्यावर पोहोचलो तेव्हा समोरच्या चढावर रुग्णवाहिकेचे दिवे दिसत होते, पण नाल्याला पूर होता. पाणी उतरते आहे की नाही हे कळावे म्हणून एकाने काठाशी काठी रोवली आणि थोड्या थोड्या वेळाने तो वाकून तिच्यावरची ओल पाहत राहिला. दोन तास आम्ही तिथे उभे होतो. बाई वाचली, मूल गेले. त्या रात्रीची नोंद जिथे कुठे झाली असेल तिथे रुग्णवाहिका वेळेवर पोहोचली असेच लिहिले असणार, आणि ते खरेच होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन एक पती पायी निघाला होता आणि तिने वाटेतच प्राण सोडले. ती बातमी राज्यभर गाजली, कारण ती मुख्य रस्त्यावर घडली होती. पाड्याच्या पायवाटेवर जे घडते ते बातमीपर्यंत पोहोचतच नाही.

दोष सगळा हेळसांडीचा आहे असेही मी म्हणणार नाही, कारण नियमांची मोजपट्टीच सपाटीवर तयार झालेली आहे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत वस्ती हा घटक धरला आहे, ही चांगली गोष्ट. परंतु आदिवासी आणि डोंगराळ भागातही किमान २५० लोकवस्तीची अट आहे, आणि बारमाही रस्त्यापासून ठरावीक अंतराच्या आत असलेली वस्ती, म्हणजे मैदानात अर्धा किलोमीटर आणि डोंगरात दीड किलोमीटर, जोडलेलीच धरली जाते. डोंगरातल्या लोकांनी अधिक चालावे असा याचा सरळ अर्थ होतो. तीस-चाळीस घरांचा पाडा २५० च्या अटीत जेमतेम बसतो, दहा-पंधरा घरांचा कधीच बसत नाही. शिवाय २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेच्या चौथ्या टप्प्यातही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेचीच धरायची आहे. त्या वर्षी मी शिकवत होतो ती पहिलीची मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत.

राज्याच्या आदिवासी विकास विभागाने भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजना आणली आणि तिच्यात पाडे बारमाही रस्त्याने जोडण्याचा उद्देश स्पष्ट लिहिला, याचा मला मनापासून आनंद झाला होता. पण या योजनेसाठी पाड्यांची जी यादी धरली आहे, ती किती गावांच्या ग्रामसभेत वाचून दाखवली गेली? माझ्या ओळखीच्या चार गावांत ती कोणी पाहिलेली नाही.

पाड्याच्या रस्त्याची मागणी गेली की वनजमिनीचे कारण हमखास पुढे केले जाते. अक्राणीतील पुष्कळ गावे पूर्वी वनगावेच होती, त्यामुळे रस्ता कुठूनही काढला तरी तो वनातून जाणार, हे खरे आहे. मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३(२) नेमके यासाठीच आहे. रस्ता, शाळा, अंगणवाडी, दवाखाना अशा तेरा सुविधांसाठी, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी जास्तीत जास्त ७५ झाडे एवढ्या मर्यादेत, ग्रामसभेची शिफारस असेल तर जमीन वळवता येते. त्यासाठी फाइल दिल्लीला जावी लागत नाही. हे कलम माहीत असलेले सरपंच मला थोडे भेटले, आणि ते आम्हाला कोणी समजावून सांगितले नाही अशी तक्रार करणारे मात्र फारच भेटले.

इथे एक गोष्ट नोंदवणे माझे कर्तव्य आहे. काही पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांनी मला रस्ता नको असेही सांगितलेले आहे. रस्ता आला की आधी सागाचा चोर येतो, मग व्यापारी येतो आणि डॉक्टर सर्वांत शेवटी येतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी जन्मभर जे पाहिले त्यावरून ते बोलतात आणि त्यांना अडाणी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणूनच रस्ता कुठून काढायचा आणि किती रुंद करायचा हे ठरवताना पाड्यावरच्या लोकांना बरोबर घेतले पाहिजे. आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखाली राज्याने २०१४ मध्ये केलेल्या नियमांनुसार पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते, तो मार्ग वापरावा.

पाड्याचा हिशेब नसल्याचा परिणाम रस्त्यापुरता थांबत नाही. दिवाळीनंतर उसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी निम्मा पाडा गुजरातेत उतरतो. घराच्या दाराला काटेरी फांदी लावलेली असते, कोंबड्या शेजारच्या म्हातारीकडे दिलेल्या असतात आणि शाळेच्या हजेरीपटावर नावांपुढे रांगेने गैरहजेरी लागत जाते. होळीला माणसे परत येतात. ढोल वाजतात, काठी गावच्या होळीला डोंगर लोटतो, आणि त्याच आठवड्यात अंगणवाडीत काट्याला टांगलेल्या झोळीत बसवलेल्या पोराचे वजन दिवाळीपेक्षा कमी भरते. अमृत आहार योजनेतला गरोदर बाईचा चौरस आहार तिच्या पाड्याच्या अंगणवाडीत असतो आणि बाई फडावर असते. प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारच्या माहेरघरात बाळंतपणाआधी राहायची सोय आहे, ती उत्तम आहे, पण मागे राहिलेली मुले आणि बैल कोण सांभाळणार हे तिला कोणी विचारत नाही. मग आदिवासी बाया दवाखान्यात येत नाहीत असा शेरा मारला जातो. मी हा शेरा बैठकांमधून इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो सहन होत नाही.

नर्मदाकाठच्या पाड्यांची कथा आणखी वेगळी. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावे सापडली, काठाकाठाने जाणाऱ्या जुन्या वाटा बुडाल्या आणि वर उरलेल्या पाड्यांना बाजार, दवाखाना, सगळ्यासाठी होडीवर अवलंबून राहावे लागले. त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. ज्या घरांसमोर हे पाणी पसरले, त्यांतल्या अनेक घरांत आजही संध्याकाळ सौर दिव्यावर निघते. मणिबेलीला मतदानयंत्र होडीतून जाते याचे कौतुक प्रत्येक निवडणुकीत छायाचित्रासह छापले जाते. एकदा मतदान नसलेल्या दिवशीही आपल्या वार्ताहराने त्या होडीतून जावे, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.

मागणी फार मोठी नाही. जिल्हा प्रशासनाने दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक पाड्याची यादी करावी, अगदी पाच घरांच्या पाड्याचीही. त्यात घरांची संख्या, बारमाही रस्त्यापर्यंतचे पायी अंतर, वाटेतले नाले आणि पावसाळ्यात ते किती दिवस बंद असतात एवढे लिहावे. ही यादी १ मे च्या ग्रामसभेत भिली आणि पावरी भाषेत वाचून दाखवावी, चुका तिथेच दुरुस्त कराव्यात. रस्ता होईल तेव्हा होईल, परंतु अशा प्रत्येक नाल्यावर पायी ओलांडता येईल असा छोटा पूल बांधायला रस्त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आमच्या त्या नाल्याची रुंदी मी दोरीने मोजली होती. ती अकरा मीटर आहे आणि तिथे आजही पूल नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. शहादा, जि. नंदुरबार