शस्त्रांची चौकशी सरकारच्या दारापाशी का थांबते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक जाहीर झाली की आमच्या खानापूर तालुक्यातील जंगलालगतच्या गावांचे शेतकरी आपापल्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करतात. बंदुकीवरील क्रमांक परवान्याशी ताडून पाहिला जातो, पावती मिळते आणि निकाल लागेपर्यंत रानडुकरे व गवे यांच्यापासून पीक राखायचे ते डबे वाजवून, फटाके लावून. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यापूर्वी पोलिसांचा अहवाल मागवावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्याही तीनवरून दोनवर आणली. या कडकपणाबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. तक्रार आहे ती ही, की खुद्द शासनाचा कारभार तपासायची वेळ आली की हाच काटेकोरपणा कुठे दिसत नाही. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात अपात्र व्यक्तींना दोन लाखांहून अधिक शस्त्रपरवाने दिल्याचा आरोप असलेले प्रकरण सीबीआयकडे गेले, तोवर इतके परवाने कोणाच्या सहीने सुटत होते, हे वेळीच कोणी विचारले नाही.

हवाई दलाच्या अपघातांबाबत ही उणीव जिवावर बेतते. २८ जानेवारी २०२३ रोजी मध्य प्रदेशात मुरैनाजवळ सुखोई-३० आणि मिराज-२००० ही विमाने कोसळली आणि मिराजचे वैमानिक, आपल्या बेळगावचे विंग कमांडर हनुमंतराव सारथी, यांना वीरमरण आले. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आणि सांबऱ्याची हवाई दलाची प्रशिक्षण शाळा असलेल्या या गावाला गणवेशातला मृत्यू नवा नाही. पण तो शत्रूशी लढताना नव्हे, तर सरावाच्या उड्डाणात येतो, तेव्हा कारण विचारण्याचा हक्क आपल्याला असलाच पाहिजे. दर अपघातानंतर ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’चे, म्हणजे दलाच्या अंतर्गत चौकशीचे, आदेश निघतात, बातमी छापून येते आणि पुढे त्या चौकशीतून काय निघाले ते सामान्य माणसाला सहसा कळत नाही.

संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या डिसेंबर २०२४ मधील अहवालानुसार २०१७ ते २०२२ या काळात हवाई दलाच्या विमानांचे ३४ अपघात झाले आणि त्यांपैकी १९ अपघातांना ‘मानवी चूक’ हे कारण दिले गेले. माझ्या मते चौकशी खरी तिथूनच सुरू व्हायला हवी. वैमानिकाला सराव पुरेसा मिळाला होता का, विश्रांती मिळाली होती का, जमिनीवरून सूचना नीट मिळत होत्या का, विमानाच्या देखभालीत काही राहून गेले होते का, याची उत्तरे नसतील तर सारा दोष बोलू न शकणाऱ्या माणसाच्या माथी जातो आणि त्याच्या घरच्यांना तो आयुष्यभर वाहावा लागतो.

गोपनीयतेची गरज मी जाणतो. विमानाची क्षमता, शस्त्रे, डावपेच हे झाकलेलेच राहावेत. परंतु १२ जून २०२५ च्या अहमदाबाद येथील प्रवासी विमान अपघाताचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात प्रसिद्ध होऊ शकतो, तर लष्करी अपघाताची कारणे आणि त्यानंतर केलेली सुधारणा एवढा सारांश ठरावीक मुदतीत संसदेपुढे ठेवणे अशक्य नाही. बेळगाव आणि उत्तर कन्नड मतदारसंघांच्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून ही मागणी लोकसभेत मांडावी. जिल्हा प्रशासनानेही दरवर्षी दिलेल्या, नाकारलेल्या आणि रद्द केलेल्या शस्त्रपरवान्यांची संख्या तालुकावार जाहीर करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)